तीस आणि दहा चाळीस होत नाहीत

डाव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला, तर सरकारी तक्त्यात त्याचे ३० टक्के धरतात. पायाचा अंगठा गेला, तर १० टक्के. दोन्ही एकाच माणसाचे गेले तर किती? शाळेत बेरीज शिकलेला कुणीही ४० म्हणेल. अपंगत्वाच्या हिशेबात उत्तर येतं ३६.६७.

एखादा म्हणेल, तीन-साडेतीन टक्क्यांनी काय बिघडतं? सगळंच बिघडतं, कारण आपल्याकडे ४० ही नुसती संख्या नाही, ते दार आहे. ४० आणि त्यापुढे आरक्षण, पेन्शन, प्राप्तिकरातली सूट, महामंडळाचं कर्ज. ४० च्या आत प्रमाणपत्र मिळतं, कार्डही मिळतं, पण त्या कार्डावर पदरात पडणारं फार थोडं असतं. ‘टक्के किती बसले?’ हा प्रश्न दहावीच्या निकालानंतर सर्वांत जास्त कुठे विचारला जात असेल, तर तो सिव्हिल हॉस्पिटलच्या अपंगत्व बोर्डाबाहेरच्या बाकड्यावर.

मीरा रोड पूर्वेच्या बेव्हर्ली पार्कात भाड्याच्या वन आरकेत राहणारा एक वायरमन डोळ्यांसमोर आणा. वय ३८. डावा अंगठा काही वर्षांपूर्वी यंत्रात गेला, पायाचा अंगठा मधुमेहाने गेल्या वर्षी कापावा लागला. माणूस मी रचलेला आहे, त्याचे आकडे मात्र रचलेले नाहीत. दोन किंवा अधिक अपंगत्वं एकत्र करण्याचं सूत्र सरकारने छापलेलं आहे. मोठा आकडा तसाच ठेवायचा. लहान आकड्याला ९० वजा मोठा आकडा याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि जे येईल ते मोठ्यात मिळवायचं. दहाला साठने गुणून नव्वदने भागलं की ६.६७. झाले ३६.६७.

सूत्र अगदीच निर्बुद्ध नाही. साधी बेरीज केली तर चार-पाच व्यंगं असलेल्या माणसाचं अपंगत्व १५० टक्के भरेल आणि ते हास्यास्पद होईल. म्हणून आधी जे गेलं ते गेलं, आता उरलेल्या शरीरातून किती गेलं ते मोजा, असा त्यामागचा विचार. दुसरा घाव नेहमी उरलेल्यावर पडतो, म्हणून त्याचं वजन कमी.

आता हाच वायरमन शिडीवर चढवून बघा. अंगठा नसलेला हात शिडीची पायरी नीट धरू शकत नाही. हात कच्चा झाल्यावर इतकी वर्षं त्याची सगळी भिस्त पायांवर होती. पायाचा अंगठा गेल्यावर पुढच्या पायरीवर रेटा द्यायला आणि तोल सांभाळायला काही राहिलं नाही. सूत्राच्या मते दुसऱ्या घावाचं वजन पहिल्यापेक्षा कमी. पण शिडीवर दुसऱ्या घावानेच त्याचा धंदा बंद केला. पहिल्यानंतर तो काम करत होता.

मोजणारे डॉक्टर चुकले असं इथे कुठेच नाही. त्यांनी जे मोजायला सांगितलं ते नेमकं मोजलं. विचारायचा प्रश्नच वेगळा होता.

कायद्याने मात्र प्रश्न बरोबर विचारला आहे, हे आवर्जून सांगायला हवं. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते आणि ‘४० टक्क्यांहून कमी नाही’ ही अट थेट व्याख्येतच होती. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. प्रकार २१ झाले आणि व्याख्या बदलली. दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांची उणीव, जी समोरच्या अडथळ्यांशी गाठ पडल्यावर माणसाला इतरांच्या बरोबरीने समाजात वावरू देत नाही, ते अपंगत्व. म्हणजे अर्धं अपंगत्व शरीरात, अर्धं बाहेर. जिना, फलाट, मालक, वेळापत्रक, सगळं त्यात आलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली आपल्या वर्गीकरणात हीच दृष्टी घेतली होती.

मग ४ जानेवारी २०१८ ला मोजणीची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०२४ च्या मार्चमध्ये त्यांची सुधारित आवृत्ती. २०१८ च्या तत्त्वांत हातापायांचा भाग उघडला की सांध्यांची हालचाल किती अंश, स्नायूंची ताकद किती, हाड कुठे कापलं, याचे तक्ते. पाऊल मध्यावर कापलं तर ४० टक्के. जरा पुढे, बोटांच्या मागच्या भागात कापलं तर ३०. दोन्हींमधलं अंतर काही सेंटिमीटर. शल्यचिकित्सकाने जखम पाहून कुठे करवत चालवली यावर माणसाची पेन्शन ठरते. व्याख्येतला ‘बाहेरचा अर्धा’ या तक्त्यांत कुठेच येत नाही.

मानसिक आजारांसाठीची मोजपट्टी त्यामानाने शहाणी आहे. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तयार केलेली ‘आयडियाज’ ही पट्टी चार गोष्टी बघते: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, आणि काम. प्रत्येकीला ० ते ४ गुण, वर आजार किती वर्षं आहे त्याचे गुण. इथे निदान चौथ्या रकान्यात ‘काम’ हा शब्द तरी आहे. गंमत अशी की मनाचं अपंगत्व मोजताना आपण माणसाला कामाबद्दल विचारतो आणि हात तुटलेल्या सुताराला विचारत नाही.

सुताराचं नाव उगाच घेतलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी एका सुतारामुळेच सोडवून ठेवला आहे. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबटा या खटल्यात कामावरच्या अपघातात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. भरपाईच्या तक्त्याप्रमाणे हे अंशतः अपंगत्व. न्यायालय म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा या माणसाची कमाईची क्षमता १०० टक्के गेली. पुढे २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या मोटार अपघाताच्या खटल्यात तेच आणखी उलगडून सांगितलं. डावा हात गेलेला चालक किंवा सुतार जवळजवळ पूर्ण बेकार होतो. तोच हात सरकारी कारकुनाचा गेला तर त्याची नोकरी कदाचित शाबूत राहते. शरीराचे टक्के तेच, कमाईचे वेगळे. म्हणून आधी शरीराचं नुकसान बघा, मग त्या माणसाचा धंदा, वय, शिक्षण बघा आणि मग ठरवा.

इतकं स्वच्छ सूत्र हाताशी असून ते राहिलं फक्त भरपाईच्या दाव्यांपुरतं. अपघाताला कुणी जबाबदार असेल आणि वकील परवडत असेल, तर न्यायाधीश तुमच्या धंद्याचा विचार करतील. मधुमेहाने पाय गेला, पक्षाघात झाला, दृष्टी हळूहळू विझली, तर गाठ तक्त्याशी. शिवाय तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत ते वेगळंच. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या तक्त्यात एक डोळा काढावा लागला आणि दुसरा धड असेल, तर कमाईची क्षमता ४० टक्के गेली असं मानलं होतं. २०१८ च्या अपंगत्वाच्या तत्त्वांत एका डोळ्याने पूर्ण अंध आणि दुसऱ्याने चांगलं दिसणाऱ्या माणसाला ३० टक्के. एकच डोळा, एका खिडकीत दाराच्या आत, दुसऱ्या खिडकीत दाराबाहेर. रेल्वेची तिसरीच तऱ्हा. तिकिटातल्या सवलतीसाठी हाडांच्या अपंगत्वात टक्क्यांपेक्षा ‘सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही’ ही अट महत्त्वाची, आणि कानाच्या बाबतीत बहिरेपण आणि मुकेपण दोन्ही एकाच व्यक्तीत असावं लागतं. शिवाय गाडीतून पडलेल्यांच्या भरपाईसाठी रेल्वेचा स्वतःचा तक्ता आहे, तो टक्क्यांत न बोलता सरळ रुपयांत बोलतो.

मीरा रोडच्या माणसाला रेल्वेचा हा तक्ता परका नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत जे सात स्फोट झाले, त्यातला एक मीरा रोडपाशी झाला. डब्यांत होते ते कामावरून घरी निघालेले लोक. तो दिवस अपवादाचा होता, पण या उपनगराच्या अपंगत्वाची एक गोष्ट तो ठळकपणे सांगतो. इथे अपंगत्व बहुधा जन्माचं नसतं, ते नोकरीच्या वयात येतं. गर्दीत तोल जाऊन, रूळ ओलांडताना, दुचाकीवरून घोडबंदर रस्त्यावर, किंवा साखर आणि रक्तदाब यांनी चाळिशीत गाठल्यावर. आपल्या साऱ्या योजनांच्या डोळ्यांसमोर मात्र शाळेत जाणारं अपंग मूल असतं किंवा निराधार म्हातारा. मधला, घरात दोन मुलं आणि डोक्यावर कर्जाचा हप्ता असलेला, कालपर्यंत कमावणारा माणूस त्यांना दिसत नाही.

आता भूगोलाचं बघा. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती ८ लाख ९ हजार होती. महापालिका २००२ पासून आहे. पण जिल्हा ठाणे. मीरा रोडची ट्रेन चर्चगेटला जाते आणि सरकार ठाण्याला. ठाण्याला थेट लोकल नाही. एक तर दादरला जाऊन उलटं यायचं किंवा बसने घोडबंदर रस्त्यावरच्या गर्दीत बसून जायचं. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा तो राहत्या जिल्ह्यात, किंवा जिथे उपचार झाले त्या सरकारी रुग्णालयात. म्हणजे ज्याचा इलाज खासगी नर्सिंग होममध्ये झाला, आणि बेव्हर्ली पार्कात बहुतेकांचा तिथेच होतो, त्याला दहिसरच्या नाक्यापलीकडचं, ट्रेनने जवळ पडणारं मुंबईचं रुग्णालय आपोआप खुलं होत नाही. पोर्टलवर अर्ज, मग तारीख, मग बोर्डाचा वार. ज्या तज्ज्ञाने अपंगत्व तपासायचं तो त्या दिवशी नसेल तर पुढचा वार. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नियम बदलले, तेव्हा प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्याची तीन महिने झाली. कार्डांना रंगही ठरले: ४० च्या आत पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० आणि त्यावर निळं. रंग ठरवायला वेळ मिळाला, हेही काही कमी नाही.

बोर्डापर्यंत पोचलेला माणूस तसा नशीबवान. २०१८ च्या उत्तरार्धात राष्ट्रीय नमुना पाहणीची ७६ वी फेरी झाली. तिच्यानुसार देशातल्या अपंग व्यक्तींपैकी प्रमाणपत्र होतं २८.८ टक्क्यांकडे. शंभरातल्या ७१ जणांना कुठलाच तक्ता लागलेला नव्हता. त्याच पाहणीत १५ वर्षांवरच्या अपंग व्यक्तींपैकी काम करणारे होते २२.८ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवले की खोट्या प्रमाणपत्रांवरून उठणाऱ्या गदारोळाकडे जरा वेगळ्या नजरेने बघावंसं वाटतं. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या निमित्ताने तो गदारोळ देशभर झाला. लबाडी होते, ती पकडलीच पाहिजे. पण प्रत्येक वादानंतर कागद वाढतात, फेरतपासण्या वाढतात, आणि त्यांचा भार ज्याला चालता येत नाही त्याच्या पायांवर पडतो. चुकून आत शिरलेला एक माणूस वर्तमानपत्रात येतो, चुकून बाहेर राहिलेल्यांची बातमी होत नाही.

समजा टक्के बसले. अंगठ्यांच्या जोडीला वायरमनला एका कानाने कमी ऐकू येत होतं, त्याचे धरून ४० पार झाले. आता पैशाचं दार. महाराष्ट्रात कमावत्या वयातल्या अपंगांसाठीची मुख्य योजना संजय गांधी निराधार अनुदान योजना. १९८० पासून चालू आहे, लोक तिला नुसतं ‘संजय गांधी’ म्हणतात. ‘तुझं संजय गांधी झालं का?’ असा प्रश्न तहसीलच्या आवारात ऐकू येतो. वय ६५ च्या आत, म्हणजे नेमका आपला माणूस. रक्कम २०२३ मध्ये हजाराची दीड हजार झाली आणि अपंग लाभार्थींना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये. वाढ चांगली आहे. केंद्राची अपंगत्व पेन्शन तर ८० टक्क्यांवरच्या, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला महिना ३०० रुपये देते, आणि हा आकडा २०१२ पासून हललेला नाही. तीनशेत आज बेव्हर्ली पार्कातून स्टेशनपर्यंत रिक्षाने रोज येणंजाणंही महिनाभर निघणार नाही.

पण ‘संजय गांधी’च्या अटी वाचा. महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य हवं. मीरा रोडसारख्या गावात, जिथे निम्मी इमारत कुठून ना कुठून आलेली असते, ही अट अनेकांना बाहेर ठेवते. दुसरी अट उत्पन्नाची. अपंगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत. महिन्याला साधारण ४,१६६ रुपये. कुटुंबाचं, माणसाचं नव्हे. बायकोने दोन घरची पोळ्यांची कामं धरली तरी ही रेघ ओलांडली जाईल. म्हणजे प्रामाणिकपणे ही पेन्शन घेणारं कुटुंब मीरा रोडला भाड्याने राहूच शकत नाही. तरी पेन्शनी मिळतात, कारण उत्पन्नाचे दाखले त्या आकड्यात बसवले जातात, हे दाखला देणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. गरजू माणसाला खोटं बोलल्याशिवाय मदत मिळू नये अशी रचना आपण केली आहे आणि मग खोटेपणाबद्दल ओरडतो.

याहून खोल खोट म्हणजे ही पेन्शन काम करण्याची शिक्षा करते. वायरमन सुधारला, सोसायटीत बसून मिक्सर-पंखे दुरुस्त करू लागला, महिना पाच हजार कमावू लागला, की कागदावर तो अपात्र. अडीच हजार जातील. मग तो एक तर कमाई लपवेल किंवा काम करणार नाही. हळूहळू उतरती पायरी का नाही? मिळालेल्या प्रत्येक चार रुपयांमागे पेन्शनमधला एक रुपया कमी, असं काहीतरी. आणि अपंगत्वाचा खर्च वेगळा धरायला हवा, तो गरिबीशी जोडू नये. रिक्षा, औषध, बूट, सोबतीला येणाऱ्याचा बुडालेला रोज, हा खर्च काम करणाऱ्यालाच जास्त येतो, घरी बसणाऱ्याला कमी. आयकराच्या ८०यू कलमात ७५ हजारांची, आणि ८० टक्क्यांवर सव्वा लाखाची वजावट आहे. तत्त्व तेच आहे, पण ती घेणार कोण? कर भरण्याइतकं कमावणारा, तोही जुन्या करपद्धतीत राहिलेला. वायरमनला तिचा काय उपयोग?

नोकरीचंही तेच. सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, पगार आणि दर्जा तोच ठेवून दुसरं काम द्यावं लागतं, २०१६ च्या कायद्याचं २० वं कलम तसं सांगतं. पण हे संरक्षण फक्त सरकारी आस्थापनांना लागू. खासगी मालकाने समान संधीचं धोरण छापावं, इतकंच. सकाळी ८ वाजून काही मिनिटांची लोकल पकडणाऱ्या मीरा रोडमधल्या किती जणांचा मालक सरकार आहे? ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्या, किंवा ॲपवरून काम घेणाऱ्या माणसाचा मालक कोण, हेच आधी शोधावं लागतं. कर्मचारी राज्य विमा लागू असेल तर मात्र नशीब. घरून कामावर जातानाचा अपघातही त्यात कामावरचाच धरला जातो आणि कमाईची क्षमता किती गेली त्यावर आयुष्यभराची पेन्शन ठरते. हा विमा असलेल्याने कामाचा अपघात झाल्यावर पहिल्या दिवशी कागद करून घ्यावेत, हे लेखात सांगण्यासारखं नसेल, तरी सांगतो.

टक्केवारी सोडून क्षमता बघा, असं म्हटलं की काम झालं, असंही नाही. ब्रिटनने २००८ मध्ये हे करून पाहिलं. माणूस किती अंतर चालू शकतो, हात डोक्यावर नेऊ शकतो का, बटण दाबू शकतो का, अशा प्रश्नांना गुण द्यायचे. १५ गुण झाले तर आजारपणाचा भत्ता, नाही तर काम शोधा. मोजणीचं कंत्राट खासगी कंपन्यांना दिलं. प्रश्न क्षमतेचेच होते, पण उत्तरं ऐकून घेणारं कुणी नव्हतं. अपिलात निकाल फिरण्याचं प्रमाण इतकं झालं की सगळ्या पद्धतीवरचा विश्वास उडाला. केन लोच यांचा ‘आय, डॅनियल ब्लेक’ हा २०१६ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा चित्रपट याच मोजणीवर आहे. त्याचा नायकही सुतारच. हृदयविकाराचा झटका आलेला, डॉक्टरने काम बंद ठेवायला सांगितलेला आणि गुणांत नापास झालेला. आपल्या सुताराला न्यायालयाने त्याचा धंदा विचारला, त्या सुताराला फॉर्मने विचारला नाही.

आपल्याकडे क्षमतेची भाषा अलीकडे पुन्हा सर्वोच्च न्यायालयातून आली, तीही महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्यामुळे. बोलण्याचं आणि भाषेचं अपंगत्व ४० टक्क्यांहून थोडं जास्त, म्हणून त्याला वैद्यकीय शिक्षणाला अपात्र ठरवलं गेलं होतं. ४० च्या आत असता तर आरक्षण नाही, वर गेला तर प्रवेश नाही, असा चमत्कारिक चिमटा होता. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की नुसता आकडा अपात्र ठरवू शकत नाही, हा मुलगा हा अभ्यासक्रम पुरा करू शकतो का ते मंडळाने तपासून लिहावं. त्याला प्रवेश मिळाला. बोर्डाने नुसता आकडा न लिहिता वाक्य लिहावं, ही अपेक्षा न्यायालयानेच केली आहे.

हे वाक्य कोण लिहू शकतो? इथे मुंबईचाच एक जुना धागा आहे. कमला निंबकर मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इथे आल्या, इथल्याच झाल्या आणि १९५० मध्ये त्यांनी परळच्या के.ई.एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. आशियातली ही या विषयाची पहिली शाळा. व्यवसायोपचार असं त्याचं जड मराठी नाव आहे, पण विषय साधा आहे. माणूस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय करतो, त्यातलं काय अडलं, आणि ते पुन्हा जमावं म्हणून हात, हत्यार, जागा किंवा पद्धत यांतलं काय बदलता येईल ते बघायचं. हाजीअलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही आहे. म्हणजे ज्या शहराने आशियाला हा प्रश्न विचारायला शिकवलं, त्याच्या कुशीतल्या उपनगरातल्या वायरमनला बोर्डात तो विचारला जात नाही. तिथे हाड बघणारा डॉक्टर बसतो, कान बघणारा बसतो. काम बघणारा बसलाच पाहिजे असा नियम नाही.

सुधारणा करायची तर टक्के रद्द करावेत असं मला वाटत नाही. तक्त्याचा एक मोठा गुण आहे, तो ओळखपाळख बघत नाही. पाऊल मध्यावर कापलेलं असेल तर नगरसेवकाचा मेहुणा असो की हमाल, ४० म्हणजे ४०. सगळं डॉक्टरच्या किंवा थेरपिस्टच्या मतावर सोडलं तर वशिल्याला दार उघडेल, आणि आपल्या देशात ते उघडायला वेळ लागत नाही. तेव्हा पहिलं पान टक्क्यांचंच राहू दे. त्याला दुसरं पान जोडावं. पहिल्या पानावर ओळख, आरक्षण वगैरे ठरू दे. मदत, भत्ता, साधनं आणि कामाची सोय दुसऱ्या पानावर ठरावी, आणि तिथे ४० ची रेघ नसावी. तैवानने २०१२ पासून शरीराच्या बरोबरीने दैनंदिन वावर आणि भोवतालही मोजायला सुरुवात केली आहे. आपल्याच कायद्याच्या ३८ व्या कलमात जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी वेगळ्या मूल्यमापन मंडळाची तरतूद आहे. जागा आहे, ती फक्त सर्वांत गंभीर लोकांपुरती न ठेवता रुंद करायची आहे.

यादीबाहेरच्यांचं काय, हाही प्रश्न दुसऱ्या पानावर सुटेल. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारा माणूस २१ प्रकारांत कुठेच बसत नाही. पूर्ण वेळ नोकरी त्याला अशक्य असते, तरी कागदावर तो अपंग नाही. उलट विदर्भात आणि नंदुरबारकडे ज्याचं प्रमाण मोठं आहे तो सिकलसेल २१ मध्ये आहे, पण नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या यादीत नाही. समजा, वेदनेचे झटके वर्षातून चार आठवडे येतात, बाकी अठ्ठेचाळीस आठवडे माणूस धड असतो. बोर्डाने त्याला कुठल्या आठवड्यात बघायचं?

पैसा कुठून येणार, असं विचारणाऱ्यांसाठी: स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करावेत असा महाराष्ट्रात नियमच आहे. महापालिकेने त्यातून दोन व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि एक समाजसेवक नेमला, आणि ते बोर्डाच्या बाकड्याऐवजी माणसाच्या घरी गेले, तर दुसरं पान भरायला एक दुपार पुरते.

ते बेव्हर्ली पार्कातल्या त्या वन आरकेत गेले असं धरू. लिफ्टच्या आधी तीन पायऱ्या आहेत, कठडा नाही. ते लिहून घेतील. बुटात घालायचं भरीव टोक लिहितील, पकडीला जाड मुठीची हत्यारं लिहितील. शिडीचं काम बंद, टेबलावरचं चालू. मग विचारतील, ‘पुन्हा कामावर जायला तुम्हाला नक्की काय लागेल?’ तो जरा वेळ विचार करेल. अंगठ्याचं काही बोलणार नाही. म्हणेल, ‘ठेकेदाराला सांगून हजेरी साडेआठऐवजी अकराची करून द्या. अकराच्या हिशेबाने निघालं तर ट्रेनमध्ये चढता येतं.’